बोर्डावरचे जागावाटप

ठाणे-बेलापूर रस्त्यावरून महापे एमआयडीसीत शिरले की काही भूखंडांच्या क्रमांकाआधी ‘ईएल’ ही अक्षरे दिसू लागतात. हा इलेक्ट्रॉनिक झोन, रसायनांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक्ससाठी राखून ठेवलेला तुकडा. उपग्रहाद्वारे दळणवळणाची सेवा देणारी टाटा समूहातली नेल्को कंपनी इथेच, ईएल-६ या भूखंडावर आहे. ही कंपनी १९४० साली ‘नॅशनल एक्को रेडिओ अँड इंजिनिअरिंग कंपनी’ या नावाने सुरू झाली. व्हॉल्वच्या रेडिओपासून उपग्रहाच्या अँटेनापर्यंतच्या तिच्या वाटचालीत आणखी एक इतिहास दडलेला आहे आणि तो फारसा कुणी सांगितलेला नाही. सर्किटमधला प्रत्येक भाग नेमका कुठे बसवायचा, हे ठरवणाऱ्या माणसांच्या कामाचा तो इतिहास आहे.

एक्कोच्या काळातल्या रेडिओत बोर्ड नव्हताच. पत्र्याच्या चॅसीवर वरच्या अंगाला व्हॉल्व आणि ट्रान्सफॉर्मर, खालच्या अंगाला टॅगपट्ट्या. रेझिस्टर आणि कॅपॅसिटर आपल्याच लांब तारांवर एका टॅगपासून दुसऱ्या टॅगपर्यंत ताणून सोल्डर केलेले असत. कुठला भाग कुठे, हे कागदावर जेमतेम अर्धे ठरे. उरलेले जोडणीच्या बाकावर, हातात भाग धरून ठरे. तरीही त्यात शिस्त होती. ट्रान्सफॉर्मरची घरघर आवाजात शिरू नये म्हणून त्याला पहिल्या व्हॉल्वपासून लांब ठेवायचे. तापणाऱ्या व्हॉल्वच्या शेजारी मेणात बुडवलेला कॅपॅसिटर ठेवायचा नाही. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर आज जे नियम पाळले जातात, त्यातले निम्मे तरी या पत्र्याच्या चॅसीवर जन्मले.

छापील सर्किटची कल्पना पॉल आइस्लर या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९३६च्या सुमारास लंडनमध्ये रेडिओवर करून दाखवली. पण भागांचे पाय होलांतून खाली काढायचे आणि सगळा बोर्ड एकाच वेळी वितळलेल्या सोल्डरवर टेकवायचा, ही पद्धत १९४९ मध्ये अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरमधल्या मो अब्रामसन आणि स्टॅनिस्लॉस डॅन्को यांनी बसवली. त्यांना १९५६ मध्ये पेटंट मिळाले. होल पाडून बसवलेला भाग दोन कामे एकदम करतो: वीज जोडतो आणि स्वतःला घट्ट धरून ठेवतो. नवी मुंबईच्या पुढच्या गोष्टीत ही दुसरी बाजू फार महत्त्वाची ठरते.

ठाणे-बेलापूर पट्ट्याचा स्वभाव आधीच घडला होता. राज्यात एमआयडीसी १९६२ मध्ये आली आणि खाडीपलीकडच्या ट्रान्स-ठाणे क्रीक औद्योगिक क्षेत्रात कारखाने उभे राहू लागले. नोसिलचा पेट्रोकेमिकल प्रकल्प १९६८ मध्ये सुरू झाला. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना त्यानंतरची, मार्च १९७० मधली, आणि वाशीचा पहिला खाडीपूल १९७३चा. म्हणजे नवी मुंबई हे शहर वसण्याआधी तिथे भट्ट्या, टाक्या, पंप आणि मोटारी आल्या होत्या. त्यांना तापमान दाखवणारी यंत्रे लागत, टाकीतली पातळी राखणारे कंट्रोलर लागत, मोटार जळण्याआधी तिची वीज तोडणारे रिले लागत. ४ ते २० मिलिअँपिअरचा प्रवाह एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेणाऱ्या या उपकरणांच्या पोटात जो बोर्ड असतो, त्यावर एका कडेला जाड तारा स्क्रूने आवळायचे टर्मिनल, मधे रिले, कोपऱ्यात ट्रान्सफॉर्मर आणि उरलेल्या जागेत नाजूक इलेक्ट्रॉनिक्स. त्याच १९७३ साली अंधेरीला निर्यातीसाठीचे सीप्झ उभे राहिले. तिथला माल परदेशी ग्राहकाच्या मापाने घडणार होता. खाडीपलीकडच्या बोर्डाला मात्र शेजारच्याच कारखान्यातली उष्णता, धक्के आणि वाफा सोसायच्या होत्या.

तेव्हा बोर्ड आखायचा म्हणजे लाइट टेबलवर पारदर्शक पॉलिस्टर फिल्म अंथरायची आणि काळ्या चिकटपट्ट्यांनी ट्रॅक चिकटवायचे. पॅडसाठी गोल कड्या तयार मिळत. दोन बाजूंच्या बोर्डासाठी लाल आणि निळ्या पट्ट्या वापरून दोन्ही बाजू एकाच फिल्मवर आखण्याचीही रीत होती; छायाचित्र काढताना रंगीत फिल्टरने एकेक रंग वेगळा काढायचा. आर्टवर्क मूळ मापाच्या दुप्पट किंवा चौपट काढत, कारण कॅमेऱ्यातून ते लहान करताना हाताची चूकही त्याच प्रमाणात लहान होई. दुप्पट आकारात आयसीच्या दोन पायांमधले २.५४ मिमी अंतर ५.०८ मिमी होते, आणि तेवढ्यात चिकटपट्टी नीट वळवता येते.

खरे डोके पट्टी चिकटवण्यापूर्वी लागे. पुठ्ठ्यातून प्रत्येक भागाची बाह्याकृती कापून ठेवायची, ती फिल्मवर मांडायची, सरकवायची, फिरवायची आणि किती ट्रॅक एकमेकांना छेदतात ते पेन्सिलने जोखायचे. एकदा पट्ट्या लागल्या की एक आयसी अर्धा इंच सरकवणे म्हणजे त्याला येऊन मिळणारा प्रत्येक ट्रॅक सोलून पुन्हा चिकटवणे. त्यामुळे मांडणी आधी मनात पक्की होत असे. त्या पिढीच्या बोर्डांवर सगळे आयसी एकाच दिशेला तोंड करून रांगेत बसलेले दिसतात, रेझिस्टर समांतर आणि समान अंतरावर. ते देखणे दिसते खरे, पण कारण व्यवहाराचे होते. स्टफिंगच्या बाकावर बसलेली बाई दिवसभर तेच बोर्ड भरते. एक जरी आयसी उलटा असला तरी शंभरात एखादा चुकीचा बसणार, हे आखणाऱ्याला ठाऊक असे.

हे ज्ञान बहुतेक वेळा एकाकडून दुसऱ्याकडे बघून बघून गेले, पण भारतात त्याला एक चांगले पुस्तकही लाभले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सहकार्याने ‘सेंटर फॉर इलेक्ट्रॉनिक्स डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ निघाले. तिथल्या वॉल्टर बॉसहार्ट यांचे ‘प्रिंटेड सर्किट बोर्ड्स’ हे पुस्तक टाटा मॅकग्रॉ-हिलने १९८३ मध्ये काढले. त्याच वर्षी नेरूळला रामराव आदिक इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाली. त्यानंतरच्या कित्येक तुकड्या होलचा व्यास, ट्रॅकची रुंदी आणि भागांमधले अंतर बॉसहार्टच्या तक्त्यांवरून शिकल्या.

नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीची दारे किलकिली केली आणि आयबीएम धाटणीचे पीसी आवाक्यात आले. बोर्ड आखण्याचे सॉफ्टवेअर त्याच काळात मोठ्या वर्कस्टेशनवरून पीसीवर उतरत होते. पी-कॅड होते, स्मार्टवर्क होते. अमेरिकेत ऑरेगनमध्ये १९८५ साली ऑरकॅड निघाले आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात निक मार्टिन यांनी प्रोटेल काढले, जे पुढे आल्टियम झाले. काळ्या पडद्यावर रंगीत रेघा, भाग उचलायचा, माउसने नेऊन सोडायचा. जोडणी कुठे बाकी आहे हे दाखवणाऱ्या बारीक सरळ रेघांच्या गुंत्याला ‘रॅट्सनेस्ट’ म्हणतात. भाग हलवला की तो गुंता डोळ्यांदेखत सुटतो किंवा वाढतो. पुठ्ठ्याच्या आकृत्यांशी खेळताना पेन्सिलने जे मोजावे लागे, ते आता पडदा स्वतःच सांगू लागला. जागा बदलण्याची किंमत जवळजवळ शून्यावर आली, आणि हा बदल यंत्राच्या वेगापेक्षाही मोठा होता. माणूस मांडणी आधी मनात पक्की करण्याऐवजी पडद्यावर करून बघू लागला.

मात्र सॉफ्टवेअरच्या आत माप जुनेच राहिले. साठच्या दशकाच्या मध्यावर फेअरचाइल्ड कंपनीने दोन रांगांत पाय असलेला डीआयपी आयसी आणला, त्याच्या पायांमधले अंतर एक दशांश इंच. सगळे प्रोग्राम त्या जाळीवर बेतले गेले आणि कामगारांच्या तोंडी ‘मिल’ बसला, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ‘शंभर मिलची ग्रिड लाव’ हे वाक्य आजही महापे-रबाळ्याच्या डिझाइन टेबलांवर ऐकू येते. पाव वॅटच्या रेझिस्टरचे पाय चारशे मिलवर वाकवायचे, होल ०.८ मिमीचे ठेवायचे. सगळे कसे जाळीत बसते.

ही जाळी सरफेस माउंटने मोडली. बोर्डाला होल न पाडता भाग वरच्या तांब्यावर टेकवून जोडायचा, हा प्रयोग आयबीएमने साठच्या दशकातच केला होता. सॅटर्न रॉकेटच्या मार्गदर्शक संगणकात तो वापरला गेला. ऐंशीच्या दशकात तो घरगुती वस्तूंत आला. चिप रेझिस्टरचे नाव म्हणजे त्याचे माप: ०८०५ म्हणजे इंचाच्या शतांशात ८ बाय ५, जवळजवळ २ मिमी लांब आणि सव्वा मिमी रुंद, ०४०२ म्हणजे १ मिमी बाय अर्धा मिमी. आयसींचे पाय आधी १.२७ मिमीवर आले, मग ०.६५, मग ०.५. मेट्रिक मापात घडलेले भाग इंचाच्या जाळीवर बसेनात.

या दोन मापांच्या भांडणाचे सर्वांत शिकवणारे उदाहरण होलमध्ये पाय बसवण्याच्या जुन्या पद्धतीच्या, म्हणजे थ्रू-होलच्याच घरात सापडते. स्क्रू टर्मिनल दोन मापांत येतात, ५ मिमी आणि ५.०८ मिमी. हातात घेऊन फरक कळत नाही. दोन किंवा तीन पायांच्या टर्मिनलला तर कुठलेही फूटप्रिंट, म्हणजे बोर्डावरची होलांची वा पॅडची आखणी, चालून जाते, होलमध्ये तेवढा सैलपणा असतो. पण बारा पायांची पट्टी घेतली की अकरा अंतरांत प्रत्येकी ०.०८ मिमी साठत जाऊन शेवटचा पाय ०.८८ मिमीने चुकतो आणि टर्मिनल बसतच नाही. पडद्यावर हा दोष दिसत नाही, डिझाइन तपासणाऱ्या नियमांनाही तो कळत नाही, कारण सॉफ्टवेअरच्या हिशेबी दोन्ही फूटप्रिंट बरोबर आहेत. म्हणून जुने डिझायनर बोर्ड बनवायला देण्याआधी एकास एक मापात कागदावर छापून घेतात आणि खरा भाग त्या कागदात खुपसून बघतात. इतकी स्वस्त आणि इतकी खात्रीची तपासणी दुसरी नाही.

भाग हाताळायचा तर आधी तो मिळायला हवा, आणि त्यासाठी खाडी ओलांडून ग्रँट रोडला, लॅमिंग्टन रोडवर जावे लागे. या बाजारानेही बोर्डांची मांडणी ठरवली आहे. जो आयसी उद्या दुकानात मिळेल की नाही याची खात्री नाही, त्याच्यासाठी बोर्डावर दोन फूटप्रिंट एकावर एक ठेवायचे, एक डीआयपी आणि एक सरफेस माउंट. मिळेल तो बसवायचा. लोकल १९९२ मध्ये वाशीला पोचली आणि हा फेरा सोपा झाला. भारताने १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञान करारावर सही केली, आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरले आणि ५,००० चिप रेझिस्टरांची सात इंची रीळ छोट्या उद्योजकाच्याही हिशेबात बसू लागली. आठ मिमी रुंद कागदी पट्टीत बंद असलेले ते भाग यंत्र उचलते आणि जागेवर ठेवते. पायांना वाकवणे नाही, छाटणे नाही.

तरी सरफेस माउंट या हवेत सहज रुजले नाही. प्लॅस्टिकच्या आवरणातला आयसी हवेतली ओल शोषतो. भट्टीत बोर्ड दोन-सव्वादोनशे अंशांपलीकडे तापला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि आवरण आतून तडकते. म्हणून पाकिटावर आर्द्रतेची पातळी लिहिलेली असते. तिसऱ्या पातळीचा आयसी ३० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रतेत पाकीट फोडल्यापासून १६८ तास चालतो. जुलैत खाडीकाठच्या उघड्या गाळ्यात ६० टक्के आर्द्रता ही फारच आशावादी अपेक्षा आहे. सरफेस माउंटबरोबर वातानुकूलित खोली, कोरडी कपाटे आणि १२५ अंशांवर भाग भाजून काढणारी भट्टी हे सगळे घ्यावे लागले. युरोपने १ जुलै २००६ पासून शिशाला बंदी घातल्यावर अडचण वाढली. शिशाचे सोल्डर १८३ अंशांना वितळे, त्याच्या जागी आलेले कथील-चांदी-तांब्याचे मिश्रण २१७ अंशांना. भट्टीचा पारा आणखी वर गेला.

रसायनांच्या शेजाराने वेगळाच धडा दिला. चिप रेझिस्टरच्या टोकांखाली चांदीचा पातळ थर असतो. हवेत गंधकाची संयुगे असली की ती फटीतून आत शिरतात, चांदीचे सल्फाइड होते आणि काही काळाने रेझिस्टर तुटल्यासारखा वागतो, वरून काहीही न दिसता. जुन्या कार्बन किंवा मेटल फिल्मच्या, टोप्या आणि तारांच्या रेझिस्टरला हा आजार अशा रीतीने होत नाही. गंधकाला दाद न देणारे चिप रेझिस्टर आता मिळतात, बोर्डावर लाखेसारखा संरक्षक थरही देतात. पण कारखान्याच्या कंट्रोल पॅनेलसाठी बोर्ड आखणारा अनुभवी माणूस कुठला भाग एसएमडी, म्हणजे सरफेस माउंटचा, घ्यायचा आणि कुठला पायांचा, हे अजून एकेक करून ठरवतो, आणि त्याचे हे चोखंदळपण रास्त आहे.

म्हणूनच नवी मुंबईचा खास बोर्ड मिश्र आहे. मायक्रोकंट्रोलर आणि त्याच्याभोवतीचे कॅपॅसिटर एसएमडी. टर्मिनल, रिले, ट्रान्सफॉर्मर, मोठे इलेक्ट्रोलिटिक पायांचे. टर्मिनलवर फिटर स्क्रू आवळतो तेव्हा सगळा जोर बोर्डावर येतो. तांब्याचा नुसता थर तो सोसणार नाही, होलमधला पाय सोसतो. २३० व्होल्टची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये साधारण ६ ते ८ मिमी मोकळी जागा ठेवायची असते. त्या सीमेवर पीसी८१७सारखा ऑप्टोकपलर आडवा बसतो. त्याच्या दोन रांगांत ७.६२ मिमी अंतर असते, पॅडची रुंदी वजा जाता सहाच्या आसपास उरतात. कमी पडले तर पोटाखाली बोर्डाला खाच कापतात. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर हीटसिंकपासून दूर ठेवायचा, कारण दर १० अंशांनी त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. पुन्हा तोच, चॅसीवरचा मेणाच्या कॅपॅसिटरचा नियम.

मिश्र बोर्डाची मांडणी सर्वांत अवघड, कारण तो दोनदा भाजला जातो. एसएमडी भाग शक्यतो एकाच बाजूला घेतले तर भट्टीची एकच फेरी पुरते. नंतर पायांचे भाग वरून भरून खालून सोल्डरच्या लाटेवरून बोर्ड नेतात. खालच्या बाजूलाही चिप असतील तर त्यांना आधी गोंदाच्या ठिपक्याने चिकटवावे लागते आणि लाटेच्या दिशेला आडवे ठेवावे लागते, म्हणजे दोन्ही टोके एकदम ओली होतात. उंच भागामागे बुटका भाग ठेवला तर लाट त्याच्यापर्यंत पोचत नाही. लाटेऐवजी एकेका पायाखाली जाणारा बारीक नळा वापरायचा असेल, तर प्रत्येक पायाभोवती काही मिलिमीटर मोकळे सोडावे लागतात, आणि ही मोकळी जागा सॉफ्टवेअर आपणहून सोडत नाही. जो डिझायनर कधी स्टफिंगच्या बाकाजवळ उभा राहिला नाही, त्याच्या बोर्डावर ते लगेच कळते.

यंत्राला देण्याची फाइल साधी असते. भागाचे नाव, आडवे माप, उभे माप, किती अंशांत फिरवलेला, वरची बाजू की खालची. पण शून्य अंश म्हणजे आयसीचा पहिला पाय कुठे, यावर लायब्ररी बनवणारे आणि यंत्र बनवणारे यांचे एकमत नसते. आयपीसी-७३५१ या मानकाने २००५ मध्ये हे एकसारखे करण्याचा मार्ग दाखवला, तरी पहिल्या बोर्डावर डायोड उलटे बसण्याचे प्रकार थांबलेले नाहीत. त्यामुळे पहिला नमुना भट्टीत जाण्याआधी भिंगाखाली बघून यंत्रावरच कोन दुरुस्त करण्याची रीत पडली.

खाडीच्या अलीकडे, पवईच्या आयआयटीत, या कामाला आणखी एक वळण मिळाले. ग्रेनोबलमधले प्राध्यापक ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये कायकॅड हे सर्वांना खुले सॉफ्टवेअर सुरू केले होते. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने, प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने, कायकॅड आणि सर्किटचे वागणे गणिताने दाखवणारे एनजीस्पाइस यांची सांगड घालून ऑस्कॅड तयार केले. तेच आज ईसिम म्हणून ओळखले जाते. ऑस्कॅडवरचे पुस्तक श्रॉफ पब्लिशर्सने २०१३ मध्ये काढले. याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने कायकॅडचे धडेही तयार केले. मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज देणारा हा प्रकल्प आहे, आणि डिप्लोमाला मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी त्याचे मोल मोठे आहे. चोरून मिळवलेल्या सॉफ्टवेअरवर शिकण्याखेरीज पर्याय नसलेल्या पिढीनंतर ही पहिली पिढी उजळ माथ्याने शिकली.

कायकॅडमध्ये शिकणाऱ्याला एक पायरी थांबून करावी लागते. सर्किटच्या आकृतीत रेझिस्टर म्हणजे नुसते चिन्ह; त्याला अंग नसते. मग यादी समोर येते आणि प्रत्येक चिन्हाला फूटप्रिंट द्यावे लागते: चारशे मिलचे दोन होल, की ०८०५ चे दोन पॅड? मागच्या पिढीपुढे हा प्रश्न नव्हता, हातात जो भाग असे तोच आकृतीत असे. आता विद्यार्थ्याला ठरवावे लागते की हा बोर्ड कोण भरणार, कशाने भरणार, बिघडला तर कोण दुरुस्त करणार. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पायांचे भाग घेणे शहाणपणाचे, कारण तिथे हाताने सोल्डर करायचे आहे. महाप्याला शंभर बोर्ड भरून घ्यायचे असतील तर एसएमडी स्वस्त पडेल. चांगले शिक्षक इथेच तासभर थांबतात.

छोट्या उद्योगांपुढे सध्या वेगळे काम आहे. जर्मनीतल्या कॅडसॉफ्टने १९८८ मध्ये काढलेले ईगल अनेकांच्या कपाटात वर्षानुवर्षे आहे. ऑटोडेस्कने ते २०१६ मध्ये विकत घेतले आणि ७ जून २०२६ पर्यंतच आधार देण्याचे २०२३ मध्ये जाहीर केले. कायकॅड पाचव्या आवृत्तीपासून ईगलच्या फाइली उघडते. जुना बोर्ड नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणता येतो, ट्रॅक आणि पॅड जागच्या जागी दिसतात, पण कधीकाळी कुणी घाईत बनवलेली लायब्ररीही जशीच्या तशी सोबत येते. त्यामुळे प्रत्येक फूटप्रिंट उघडून होल मोजावे लागते. पाव वॅटच्या रेझिस्टरला ०.८ मिमी पुरते. १एन४००७ डायोडचा पाय त्याहून जाड, त्याला १ मिमी हवे. टर्मिनलपाशी पुन्हा ५ की ५.०८ ते बघायचे, कागदावर छापायचे, आणि भाग खुपसून खात्री करायची.